गल्ला मोजतो, कामही मोजूया

मोठ्या कंपन्या वेळोवेळी दोन गोष्टी तपासतात: धंदा कसा चाललाय आणि माणसं कशी काम करताहेत. आपल्याला हे नवं नाही. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेबाच्या नोंदी, ही पंचसूत्री म्हणजे गटाचं मोजमापच. बँकही कर्ज देताना तेच पाहते.

पण उद्योग सुरू झाला की आपण नुसता गल्ला मोजतो. समजा, २० किलो पापड ४,८०० रुपयांना विकले. डाळ, मसाला, पिशव्या, गाडीभाडं मिळून ३,३०० गेले. उरले १,५००. हा सगळा नफा का? पाच जणी दोन दिवस राबल्या, म्हणजे दहा रोज झाले. एका रोजाला पडले १५० रुपये! शेतातल्या रोजाशी ताडून पाहा. वहीत रोज मांडले नाहीत, तर आपली मजुरी दिसतच नाही.

एखादीचे पापड कमी भरले, तर लगेच बोल लावू नये. पीठ घट्ट होतं का? पोळपाट पुरले का? पाणी भरून यायला तिला उशीर झाला का? लाटणं जड जात असेल, तर तिने वजन आणि पॅकिंग बघावं. मोजायचं ते अडचण शोधायला, कुणाला कमी लेखायला नव्हे.

पुढच्या बैठकीत वहीत चार रकाने आखूया: विक्री, खर्च, रोज आणि परत आलेला माल. भाव वाढवायचा की खर्च आवरायचा, ते तीन महिन्यांत वहीच सांगेल.