चष्मा काढून बघ

रविवारच्या पुरवणीतला एखादा मोठा रंगीत चेहरा आणि एक भिंग, एवढ्यावर माझा ठिपक्यांचा तास सुरू होतो. चेहऱ्याच्या गालावर भिंग धरलं की कातडीचा रंग गायब होतो आणि किरमिजी, पिवळे, निळसर, काळे ठिपके तेवढे उरतात. ‘बाई, हिला गोवर आलाय!’ असं कुणीतरी ओरडतंच. मग भिंग हातोहात फिरतं. डब्यावरचं चित्र, पुस्तकाचं मुखपृष्ठ, बसच्या पासावरचा फोटो, काही म्हणून सुटत नाही.

शाळाशाळांतून ‘डॉट पेंटिंग’ या नावाखाली जे चालतं, त्याच्याशी माझं फारसं जमत नाही. काळ्या स्केचपेननं मोराची बाह्यरेषा काढायची आणि आत एकाच निळ्याचे ठिपके ठासून भरायचे. हे नेहमीचंच रंग भरणं झालं, फक्त जास्त वेळखाऊ. खरी गंमत कुठल्या ठिपक्याशेजारी कुठला ठेवायचा, या निवडीत आहे. ठिपक्यांच्या रांगोळीनं काही मुलींचा हात आधीच तयार असतो, पण तीच सवय इथे आडवी येते. ठिपके ओळीत पडतात आणि दोन जवळ आले की ते जोडायला बोटं शिवशिवतात.

सामान साधंच लागतं. कार्ट्रिज कागद, पोस्टर कलर आणि काड्या. एका रंगाला एक काडी, ती दुसऱ्या बाटलीत गेली की गोंधळ. रंगात पाणी जवळजवळ नको, घट्ट दह्यासारखा रंग हवा, नाहीतर ठिपका कागदावर फुटतो आणि शेजारच्यात मिसळतो. एकदा मिसळला की तिथे मातकट डाग पडतो. काडी उभी धरायची, टेकवायची, सरळ वर उचलायची. पहिली दहा मिनिटं वर्गात बाकांवर नुसती टकटक चालते. मग कुणाला तरी त्यात ढोलाचा ठेका सापडतो आणि तेवढ्यापुरती चित्रकला संपते.

उन्हाळ्यात समोर आंबा ठेवते. उजेडाच्या बाजूला पिवळे आणि थोडे नारिंगी ठिपके सगळे बिनचूक घालतात. सावली आली की हात पुढे होतात : ‘बाई, काळा द्या.’ काळी बाटली मी आणलेलीच नसते. ठिपक्यांनीच चित्रं रंगवणाऱ्या जॉर्ज सरा या चित्रकारानं आणि त्याच्यामागून आलेल्यांनीही काळ्याला आणि मातकट रंगांना पॅलेटवरून हाकललं होतं. सावलीत जांभळा घाला, निळा घाला, अधूनमधून पिवळाही राहू द्या, असं सांगितलं की मुलं संशयानं बघतात. जांभळा आंबा कुणी पाहिलाय?

या संशयाला उत्तर चित्रकारांच्या आधी एका रसायनशास्त्रज्ञानं दिलं होतं. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवरचे विणलेले पडदे तयार होत. तिथल्या रंगाईचा प्रमुख मिशेल शेव्रोल याच्याकडे तक्रार आली, की काळा धागा फिका दिसतो. त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारचे धागे काळ्याला फिका करत होते. रंगांच्या या शेजारधर्मावरचं त्याचं पुस्तक 1839 मध्ये निघालं आणि पुढे सरानं ते अभ्यासलं. ग्रांद जात बेटावरच्या रविवार दुपारचं त्याचं चित्र सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे. 1884 ते 1886 अशी दोन वर्षं त्यानं त्यात घातली. ‘दोन वर्षं? एकच चित्र?’ हा प्रश्न ठरलेला. त्यावर मी काही बोलत नाही.

एक गैरसमज मात्र वेळेवर मोडावा लागतो. निळ्या आणि पिवळ्या ठिपक्यांतून लांबून झगझगीत हिरवा मिळतो, असं बऱ्याच ठिकाणी सर्रास लिहिलेलं असतं. करून बघा, मिळतो तो राखाडीकडे झुकणारा, मंद रंग. पॅलेटवर कालवताना दोन्ही रंग एकमेकांचा प्रकाश गिळतात आणि हिरवा तेवढा शिल्लक राहतो. ठिपके कुणाचं काही गिळत नाहीत, डोळा फक्त त्यांची सरासरी काढतो. म्हणून आंब्याच्या पानाला हिरवेच ठिपके घ्यायचे, मधे पिवळे आणि निळे विखरून टाकायचे. पान जिवंत होतं ते त्यांच्यामुळे.

आणि अंतर. एक मिलिमीटरचे ठिपके साधारण साडेतीन मीटरवरून डोळ्याला वेगळे ओळखू येईनासे होतात. काडेपेटीच्या काडीचा ठिपका दोन मिलिमीटरचा, म्हणजे सात मीटर, वर्गाची एक भिंत ते दुसरी भिंत. कान साफ करायच्या काडीचा ठिपका चार-पाच मिलिमीटरचा असतो. त्यासाठी व्हरांडाच गाठावा लागतो. त्या काड्या मुलांना आवडतात, कागद भराभर भरतो, पण चित्र काही केल्या जुळून येत नाही आणि मुलं स्वतःवरच चिडतात. दोष काडीचा असतो.

मागे जाऊन बघणं हा खरं तर निम्मा तास असायला हवा. मुलं जात नाहीत, त्यांना कागदाला नाक लावून बसायचं असतं. सगळ्यांच्या आधी ज्याला दिसलं तो सोडावॉटर चष्म्यामुळे वर्गात चिडवला जाणारा मुलगा होता. घाम पुसायला त्यानं चष्मा काढला आणि जागेवरूनच ओरडला, ‘बाई, माझा आंबा गोल झाला!’ जवळचं नीट दिसणाऱ्यांची मग धांदल उडाली. डोळे मिचकावून झाले, त्याचा चष्मा लावून झाला, आणि उलटंच सगळं धूसर झाल्यावर त्याच्यावरच खेकसून झालं.

पार्श्वभूमीपाशी बहुतेकांचा दम संपतो आणि मी ती कोरी सोडू देते. पण एका मुलीनं आंबा अर्धाच ठेवून कागदाच्या चारी कडांना जांभळ्या ठिपक्यांची किनार घातली. सरानंही त्या मोठ्या चित्राला नंतर अशीच ठिपक्यांची चौकट रंगवली होती, हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, ‘त्यानं आंबा जास्त पिकतो.’ त्यावर सगळ्यांनाच किनार हवी झाली आणि जांभळी बाटली रिकामी झाली. आता बाजारातून आणायची का, यावर चर्चा सुरू असताना मागच्या बाकावरचा एक जण गुलाबी आणि निळ्या बाटल्या उचलून कामाला लागलाही होता.