प्रमेहातील आहारमात्रा : ताटातील पिष्टाचा हिशेब

प्रमेहाच्या चिकित्सेत पथ्याचे स्थान औषधाइतकेच, किंबहुना काकणभर अधिक आहे, हे वैद्यवर्गाला निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि पथ्य सांगताना आपण बहुधा द्रव्यांची नावे सांगतो. मात्रा सांगत नाही. ‘साखर बंद, भात बंद, ज्वारीची भाकरी चालेल’ एवढे ऐकून रुग्ण घरी जातो. तेथे तो तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या खातो, साखरेच्या चहाऐवजी गुळाचा चहा घेतो आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी होता तेथेच राहतो. मग दोष औषधाला दिला जातो. प्रस्तुत लेखात ताटातील पिष्टमय पदार्थांची, म्हणजे कर्बोदकांची, मात्रा कशी मोजावी, रुग्णभेदाने ती कशी बदलावी आणि दिनचर्येशी तिची सांगड कशी घालावी, याचा विचार केला आहे.

संहितांचा दृष्टिकोन

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २३ व्या अध्यायात प्रमेहाची गणना संतर्पणजन्य व्याधींत केली आहे. चिकित्सास्थानाच्या ६ व्या अध्यायातील हेतू पाहिले तर एका बाजूस दही, दूध, नवान्न, गुळाचे विकार आणि दुसऱ्या बाजूस बैठे सुख व झोपेचे सुख असे दोन्ही गट एकत्रच येतात. आहार आणि विहार यांची फारकत आचार्यांनी केलेली नाही. ती आपल्या चिठ्ठीवर होते.

पथ्यकर धान्यांत यवाला अग्रस्थान आहे. त्याच्या जोडीला कोद्रव, श्यामाक, जुने धान्य, मूग, कुळीथ आणि कडू-तुरट भाज्या सांगितल्या आहेत. यवातील विद्राव्य तंतूंमुळे ग्लुकोजचे शोषण मंदावते, हे आधुनिक आहारशास्त्रानेही मान्य केले आहे. येथे औषधी दुकानदारांनी एक खबरदारी घ्यावी. ‘सातूचे पीठ’ म्हणून अनेक घरांत जे दळले जाते त्यात गहू आणि डाळवं असते. शिवाय ते गूळ-दुधात कालवून खाण्याची रीत आहे. वैद्यांना अभिप्रेत असलेला यव तो नव्हे. ‘जव’ आणि ‘जवस’ यांचीही गल्लत होऊ शकते. चिठ्ठीवर ‘जव (बार्ली)’ असे स्पष्ट लिहिणे श्रेयस्कर.

भाकरी निर्दोष नाही

१९८१ साली टोरांटो येथील डेव्हिड जेन्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लायसेमिक इंडेक्सची संकल्पना मांडली. ठरावीक कर्बोदके देणारे अन्न रक्तशर्करा किती वाढवते, याचे ते मापन आहे. परंतु हा अंक अन्नाचा गुण सांगतो, मात्रा सांगत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि गहू या सर्वांच्या १०० ग्रॅम पिठात कर्बोदके साधारण ६० ते ७० ग्रॅमच असतात. तांदळात ती ७८ ग्रॅमच्या आसपास असतात. भरड दळलेल्या भाकरीत तंतू अधिक असल्याने तिचा लाभ निश्चित आहे, पण ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून सुमारे ३३ ग्रॅम कर्बोदके मिळतातच. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीतून ती सुमारे २० ग्रॅम मिळतात. म्हणजे तीन पोळ्या सोडून तीन भाकऱ्या खाणाऱ्याने पिष्ट घटवलेले नसून वाढवलेले असते.

कार्यालयात बैठे काम करणाऱ्या एखाद्या गृहस्थाचा दिवस उदाहरणादाखल घेऊ. सकाळी दोन कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, न्याहारीस ५० ग्रॅम पोह्यांची बशी, दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण आणि ५० ग्रॅम तांदळाचा भात, सायंकाळी चहा-बिस्किटे, रात्री दोन भाकऱ्या, आमटी आणि पुन्हा तेवढाच भात. या आहारातील कर्बोदकांची बेरीज सुमारे ३३० ग्रॅम होते. एका ग्रॅमला ४ कॅलरी धरल्यास २००० कॅलरींच्या आहारापैकी सुमारे ६६ टक्के ऊर्जा केवळ पिष्ट आणि साखर यांतून आली. या ताटात मिष्टान्न एकही नाही, हे लक्षात घ्यावे.

आता त्याच ताटात अल्प बदल करू. चहातील साखर वर्ज्य. पोहे ३० ग्रॅम आणि त्यात मटार व शेंगदाणे. दुपारी दोन पोळ्या, निम्मा भात, घट्ट वरण आणि बटाट्याऐवजी दोडका किंवा मेथी. सायंकाळी मूठभर फुटाणे. रात्री दीड भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी आणि ताक. ही बेरीज २०० ग्रॅमच्या आसपास येते. १६०० कॅलरींच्या आहारात ती निम्मी ऊर्जा होय. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीच्या आधारे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात मधुमेहाच्या उपशमासाठी कर्बोदकांचे प्रमाण एकूण ऊर्जेच्या ४९ ते ५४ टक्के सुचवले होते. आपले ताट न मोडता तेथपर्यंत पोहोचता येते.

उपवासाचे पिष्ट

एकादशी, चतुर्थी आणि श्रावण यांचा विचार महाराष्ट्रात टाळता येत नाही. साबुदाणा हे जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे. त्याच्या १०० ग्रॅममध्ये कर्बोदके ८५ ग्रॅमहून अधिक आणि प्रथिने नाममात्र असतात. त्याला बटाट्याची जोड मिळाली की लंघनाच्या नावाखाली संतर्पण घडते. श्रद्धेचा मान राखून राजगिरा, मर्यादित भगर, शेंगदाण्याची आमटी, दही-काकडी असे पर्याय सुचवावेत. मात्र इन्सुलिन घेणाऱ्याने वैद्यांना न विचारता निराहार राहू नये.

स्थूल आणि कृश

चरकाचार्यांनी प्रमेही रुग्णाचे स्थूल-बलवान आणि कृश-दुर्बल असे दोन भेद करून पहिल्यास संशोधन व दुसऱ्यास बृंहण सांगितले आहे. या भेदाला आज एक नवे परिमाण लाभले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के. दिसावयास सडपातळ, पण मांस अल्प आणि मेद बहु, अशी प्रकृती आपल्या लोकांत विपुल आढळते.

म्हणून केवळ वजनकाट्यावरून रुग्णास कृश ठरवून दूध, तूप, खजूर यांची खैरात करू नये, आणि उलटपक्षी खरोखर धातुक्षय झालेल्या रुग्णाचे अन्न तोडूही नये. कटिपरिघ मोजावा, दंड-मांड्यांचे मांस पाहावे, वजन किती दिवसांत उतरले ते विचारावे. स्थूल रुग्णाचे एकूण अन्न घटवावे. कृश रुग्णाचे पिष्ट घटवल्यास तेवढी ऊर्जा मूग, उसळी, पनीर, अंडी, शेंगदाणे यांतून परत द्यावी. वृक्कविकार असल्यास प्रथिनांची मात्रा तपासण्या पाहूनच ठरवावी. तरुण रुग्णाचे वजन झपाट्याने उतरत असेल, मूत्रात कीटोन असतील, तर पथ्याचा प्रयोग करीत न बसता त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन कधीही थांबवू नये.

शतपावली आणि शंभर योजने

सुश्रुताचार्यांनी प्रमेही रुग्णास शंभर योजने चालण्यास अथवा विहिरी खणण्यास सांगितले आहे. त्यातील तत्त्व आज अधिकच उपयुक्त आहे, कारण आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनवाचूनही ग्लुकोज उचलू शकतात. अनवाणी चालण्याचा भाग मात्र शब्दशः घेऊ नये. पायांची संवेदना मंदावलेल्या रुग्णास एक लहानशी जखमही घातक ठरते. पादत्राण अनिवार्य समजावे. भोजनोत्तर शतपावली घराघरांत ठाऊक आहे; प्रमेही रुग्णास ती प्रत्येक मुख्य जेवणानंतर पंधरा मिनिटे सांगावी. जोडीला आठवड्यातून दोन-तीन वेळा बैठका, सूर्यनमस्कार यांसारखा बल वाढविणारा व्यायाम असावा.

भोजनाच्या क्रमाचाही विचार करावा. मधुर रस आरंभी घ्यावा, हा संहितेतील क्रम सामान्य भोजनविधीचा आहे. प्रमेहात भाजी, कोशिंबीर आणि उसळ आधी व पोळी-भात नंतर खाल्ल्यास भोजनोत्तर शर्करा कमी चढते, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात दिसले. यासाठी दमडीचाही खर्च नाही.

सावधानतेच्या मर्यादा

पिष्ट घटवताना सर्वांत मोठा धोका पथ्यापासून नसून, पथ्य आणि गोळी यांच्या विसंगतीपासून असतो. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन घेणारा रुग्ण अन्न निम्मे करतो आणि औषध तेवढेच ठेवतो. मग पहाटे घाम, थरथर, संभ्रम. शर्करा ७० मि.ग्रॅ.च्या खाली गेल्यास १५ ग्रॅम साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी; रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडाने काहीही देऊ नये. डापाग्लिफ्लोझिनसारख्या ‘ग्लिफ्लोझिन’ गटातील गोळ्या घेणाऱ्यास अतिशय अल्प पिष्टाचा आहार किंवा लंघन देऊ नये. त्यात शर्करा फारशी न वाढताही रक्ताम्लता उद्भवू शकते. म्हणून आहारबदलाच्या आधी रुग्णाच्या सर्व गोळ्या पाहाव्यात आणि मात्रा त्याच्या मूळ डॉक्टरांशी बोलून बदलावी.

औषधी दुकानदारांचे कर्तव्यही लहान नाही. अवलेह, पाक आणि च्यवनप्राश यांत शर्करा हे प्रमुख द्रव्य असते. आसव-अरिष्टांत गूळ वा साखर आणि मद्यांश दोन्ही असतात. देण्यापूर्वी ‘मधुमेह आहे का?’ हा एक प्रश्न विचारावा. गूळ आणि मध ‘नैसर्गिक’ म्हणून मोकळे सोडू नयेत. प्रमेहातील मध हा औषधाचे अनुपान म्हणून अल्पमात्रेत सांगितलेला आहे, गोडीसाठी नव्हे. ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे फलक लावण्याचा मोहही आवरावा. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या अनुसूचीत मधुमेहाचे नाव आहे.

सारांश, चिठ्ठीवर औषधाची मात्रा आपण जितक्या काटेकोरपणे लिहितो तितक्याच काटेकोरपणे पोळीची संख्या, भाताची वाटी, चहाचे कप आणि चालण्याची मिनिटे लिहावीत. रुग्णाने आठवड्यातून दोन दिवस उपाशीपोटी व जेवणानंतर दोन तासांनी शर्करा मोजून वहीत नोंदवावी आणि ती वही प्रत्येक भेटीत आपण वाचावी. कोणत्या ताटाने त्याची शर्करा चढते, हे त्या वहीतूनच उमगते आणि पुढच्या पंधरवड्याचे पथ्य त्यावरूनच ठरवावे.