रक्तदाबामागील ग्रंथी

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या, चाळिशीतील एखाद्या कर्मचाऱ्याची कल्पना करावी. तीन प्रकारची औषधे पुऱ्या मात्रेत व नियमितपणे घेऊनही त्याचा रक्तदाब 140/90 च्या खाली येत नाही. चौथी गोळी लिहून देण्यापूर्वी अशा वेळी डॉक्टरांनी मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा विचार करावयास हवा.

ॲल्डोस्टेरोन हे या ग्रंथींचे एक हॉर्मोन होय. त्याच्या प्रभावाने मूत्रपिंडे सोडियम राखून ठेवतात व पोटॅशियम बाहेर टाकतात. ते प्रमाणाबाहेर स्रवू लागले की शरीरात मीठ व पाणी साचते आणि दाब चढतो. 1954 साली, म्हणजे दिल्लीत केंद्र सरकारची आरोग्य योजना सुरू झाली त्याच वर्षी, अमेरिकेतील ॲन आर्बर येथे जेरोम कॉन यांनी 34 वर्षांच्या एका स्त्रीला तपासले. स्नायूंची दुर्बलता, पेटके, उच्च रक्तदाब आणि रक्तातील पोटॅशियम अत्यल्प, अशी तिची अवस्था होती. शस्त्रक्रियेत उजव्या ग्रंथीत गाठ सापडली. ती काढल्यावर दाब उतरला व पोटॅशियमही पूर्ववत झाले. तेव्हापासून पोटॅशियमची घट ही या विकाराची खूणच मानली गेली, आणि तेथेच फसगत झाली. निम्म्याहून अधिक रोग्यांत ते नेहमीच्या मर्यादेतच असते.

म्हणून आता ॲल्डोस्टेरोन व रेनीन यांचे गुणोत्तर पाहतात. रेनीन हा मूत्रपिंडातून सुटणारा, ॲल्डोस्टेरोनला एरवी जागे करणारा पदार्थ. तो जवळजवळ नाहीसा झाला असतानाही ॲल्डोस्टेरोन वाहतच असेल, तर ग्रंथीने स्वतंत्र कारभार मांडला आहे असे समजावे. रक्त सकाळी, रोगी उठून दोन तास वावरल्यानंतर, त्याला बसवून घेतात. चालू औषधांनी हे आकडे फिरतात. त्यांपैकी कोणते थांबवावयाचे हे डॉक्टरांनीच ठरवावे. ज्येष्ठमधाचीही चौकशी करावी. घशासाठी चघळली जाणारी ही साधी कांडी फार दिवस व फार प्रमाणात खाल्ल्यास दाब चढतो, पोटॅशियम उतरते. ॲल्डोस्टेरोन मात्र वाढलेले नसते.

डोकेदुखी, घाम व धडधड यांचे झटके येत असतील, तर संशय ग्रंथीच्या गाभ्यातील वेगळ्या गाठीचा. तिच्यासाठी रक्तातील किंवा 24 तासांच्या लघवीतील मेटानेफ्रिन मोजतात. ही गाठ न ओळखता शस्त्रक्रिया केल्यास प्रसंग प्राणावर बेतू शकतो.

स्कॅनमध्ये गाठ दिसली म्हणजे दोषी सापडला, असेही नव्हे. वाढत्या वयात निरुपद्रवी गाठी अनेकांना होतात. डावीकडे गाठ दिसावी आणि हॉर्मोन उजवीकडून यावे, असेही घडते. यास्तव जांघेतील शिरेतून बारीक नळी चढवून दोन्ही ग्रंथींतून येणारे रक्त वेगवेगळे तपासतात. उजव्या बाजूची शीर आखूड व अरुंद असल्याने ती सापडणे कठीण. हे काम सरावलेल्या हातांचेच. स्राव एकाच बाजूचा ठरला तर ती ग्रंथी काढता येते. दोन्हीकडचा असल्यास स्पायरोनोलॅक्टोनसारखे औषध चालू ठेवतात.