आधी निकाल, मग निकष

१९७१च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात सुनील गावसकर यांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या, तेव्हापासूनच्या भारतीय क्रिकेटरसिकांच्या वादांचा मागोवा घेतल्यास खेळाडू आणि नियम बदलूनही एक खोड टिकून राहिल्याचे दिसते: श्रेष्ठ फलंदाज कोण हे आधी ठरते आणि त्याला श्रेष्ठ ठरवणारा निकष मागाहून शोधला जातो. गावसकर धावांच्या राशीवर सरस ठरू लागले, की गुंडाप्पा विश्वनाथ यांचे चाहते १९७५मधील मद्रास कसोटीतील नाबाद ९७ धावा पुढे करीत, आणि तेवढ्याने भागले नाही तर त्याच वर्षी विश्वचषकात गावसकरांनी ६० षटके खेळून काढलेल्या नाबाद ३६ धावांची आठवण करून देत.

सचिन तेंडुलकर यांच्या काळात दूरचित्रवाणीने प्रत्येक डाव घरोघरी पोचवला, तरी पुरावा हाती आल्याने वाद मिटले नाहीत. ‘सचिनने शतक ठोकले की भारत हरतो’ हे विधान त्याचा उत्तम नमुना होय. १९९९च्या चेन्नई कसोटीत पाकिस्तानविरुद्ध पाठदुखी सोसत १३६ धावा करून ते बाद झाले तेव्हा विजयासाठी १७ धावा हव्या होत्या व तीन गडी शिल्लक होते. भारत १२ धावांनी हरला आणि खापर शतकवीराच्या माथी फुटले. वस्तुतः त्यांच्या ४९ एकदिवसीय शतकांपैकी ३३ शतकांच्या वेळी भारत जिंकला आहे. हा आकडा समोर ठेवला, की मूळ विधानाला ‘परदेशात’, मग ‘पाठलाग करताना’, शेवटी ‘अंतिम सामन्यात’ अशी शेपटे फुटतात. हवा तो निष्कर्ष निघेपर्यंत अटी वाढवत नेण्याच्या या रीतीस निवडक आकडेवारी म्हणता येईल, आणि सर्वांत त्रासदायक सवय हीच, कारण ती अभ्यासाचा आव आणते. (‘तुम्ही स्वतः किती क्रिकेट खेळलात?’ हा प्रश्न उद्धट खरा, पण त्यात असा आव नसतो.)

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर विराट कोहली यांनी पन्नासावे एकदिवसीय शतक झळकावले, तेव्हा २०११पासून (२०२५मधील नियमबदलापर्यंत) एका डावात दोन नवे चेंडू वापरले जात असल्याने चेंडू फारसा जुना होत नसे व रिव्हर्स स्विंग, म्हणजे जुन्या चेंडूचे उलट्या दिशेने वळणे, दुर्मिळ झाले, असा आक्षेप सचिनपक्षाने घेतला. आक्षेप बिनतोड आहे. मात्र गावसकरांच्या बिनहेल्मेट फलंदाजीचा दाखला निघाल्यावर काळ बदलल्याचा हाच युक्तिवाद या पक्षाला सहसा पटलेला नाही. कोहलीपक्षाला तर इंग्लंडमधील २०१८च्या ५९३ कसोटी धावा तोंडपाठ असतात, आणि तेथेच २०१४मध्ये दहा डावांत झालेल्या १३४ धावांचा विषय निघाला, की तो ‘शिकण्याचा दौरा’ ठरतो.