फाइल बारीक होते कशी?

शाळेचा प्रकल्प मेलनं पाठवायचा असतो. फाइल मोठी असते, ती जाता जात नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "आधी झिप कर." तुम्ही फोल्डरवर राइट क्लिक करता आणि 'कॉम्प्रेस टू झिप फाइल' हा पर्याय निवडता. जुन्या विंडोजमध्ये 'सेंड टू' आणि मग 'कॉम्प्रेस्ड फोल्डर' असं दोन पायऱ्यांनी जावं लागतं. क्षणात शेजारी चेन लावलेलं एक पिवळं फोल्डर उमटतं. आत सगळं तेच असतं, पण वजन कितीतरी कमी झालेलं असतं!

असं कसं झालं? हवा काढली की गादी चपटी होते, तसंच काहीतरी झालं असेल, असं आपल्याला वाटतं. पण कॉम्प्युटरमध्ये दाबण्यासारखं काही नसतंच मुळी. तिथे असतात फक्त 0 आणि 1. असा एक आकडा म्हणजे एक बिट, आणि आठ बिटांचा एक बाइट. शून्य दाबून अर्धं करता येत नाही. मग कमी झालं ते काय?

याचं उत्तर कॉम्प्युटर न लावताही सापडतं. गणिताची चौकटींची वही आणि पेन्सिल घ्या. प्रत्येक चौकटीत एक अक्षर लिहायचं, त्याच्या काना-मात्रेसकट. स्वल्पविरामाला एक चौकट, मधल्या मोकळ्या जागेलाही एक. आता हे लिहा: सोमवारी शाळेला जायचं, मंगळवारी शाळेला जायचं, बुधवारी शाळेला जायचं, असं करत थेट शनिवारपर्यंत. शेवटचा स्वल्पविराम आणि त्यापुढची मोकळी चौकटही धरा. मोजलंत तर 85 चौकटी भरतील.

लिहिता लिहिता हात कंटाळला ना? कंटाळा कशाचा आला ते नीट बघा. 'वारी शाळेला जायचं' हा तुकडा, स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा धरून, 12 चौकटींचा आहे आणि तो दर दिवशी जसाच्या तसा येतो. मग तो पुन्हा पुन्हा लिहायचा कशाला? मंगळवारी फक्त 'मंगळ' लिहा आणि पुढे एक सूचना द्या: 15 घरं मागे जा, तिथून 12 घरं उचल. बुधवारी 'बुध' लिहा आणि सूचना द्या: 14 घरं मागे जा, 12 उचल. गुरुवार, शुक्रवार, शनिवार या तिघांचीही सूचना अगदी हीच! फक्त मंगळवारीच 15 का? कारण 'मंगळ' तीन अक्षरांचा आहे आणि बाकीचे वार दोन-दोन अक्षरांचे. आता सगळ्या आठवड्यासाठी लागतात 25 चौकटी आणि पाच छोट्या सूचना. ही वही मित्राला द्या. सूचना पाळत गेला तर त्याला मूळची 85 च्या 85 घरं परत मिळतील. एक स्वल्पविरामही हरवणार नाही.

झिप करणारं सॉफ्टवेअर हेच करतं. ही युक्ती अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह या इस्रायलच्या दोन शास्त्रज्ञांनी 1977 मध्ये मांडली. कॉम्प्युटर आपल्यासारखी अक्षरं मोजत नाही, तो बाइट मोजतो. नेहमीची झिप फाइल बनवताना तो प्रत्येक ठिकाणी थांबून 32,768 बाइटपर्यंत मागे वळून बघतो. "हे आधी कुठे येऊन गेलंय का?" निदान तीन बाइट जुळले तर तो ते पुन्हा लिहीत नाही, सूचना लिहितो. एका सूचनेत जास्तीत जास्त 258 बाइट उचलता येतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. ज्या सूचना आणि जी अक्षरं उरली, तीसुद्धा आणखी थोडक्यात लिहिता येतात. ती युक्ती शोधली एका विद्यार्थ्यानं.

1951 साल होतं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत प्राध्यापक रॉबर्ट फॅनो शिकवत होते. त्यांनी वर्गाला सांगितलं, "शेवटची परीक्षा द्या, नाहीतर दिलेल्या विषयावर निबंध लिहा." डेव्हिड हफमननं निबंध निवडला. प्रश्न असा होता: अक्षरांना 0 आणि 1 यांचे संकेत द्यायचे, पण असे की सगळा मजकूर मिळून कमीत कमी आकडे लागावेत. हा प्रश्न खुद्द फॅनो सरांना आणि क्लॉड शॅनन यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञालाही पूर्ण सुटलेला नव्हता, आणि हे हफमनला माहीतच नव्हतं! महिनोन् महिने डोकं लावून तो थकला. आता हे सोडून परीक्षेचाच अभ्यास करावा, असं ठरवत असताना त्याला उत्तर सुचलं. 1952 मध्ये त्याचा लेख छापून आला आणि आजही जगभरचे कॉम्प्युटर त्याची पद्धत वापरतात.

ती पद्धत आपण करून बघू. समजा आपल्याला पाठवायचं आहे: बाबा, बाबा, काका, दाना. मोकळ्या जागा आणि विराम सोडून देऊ. 'बा' चार वेळा आला, 'का' दोनदा, 'दा' एकदा आणि 'ना' एकदा. चार अक्षरं आहेत, म्हणून प्रत्येकाला दोन-दोन आकड्यांचा संकेत दिला तर आठ अक्षरांना 16 आकडे लागतील. हफमन म्हणाला, सुरुवात सगळ्यात कमी वेळा येणाऱ्यांपासून करा. 'दा' आणि 'ना' यांची जोडी लावा: एकाला 0, दुसऱ्याला 1. आता ही जोडी म्हणजे एकच गट समजा आणि त्याची जोडी 'का'शी लावा: 'का'ला 0 मिळेल आणि गटातल्या दोघांच्याही पुढे 1 लागेल. शेवटी या सगळ्या गटाची जोडी 'बा'शी लावा: 'बा'ला 0, बाकी सगळ्यांपुढे आणखी एक 1. झाले संकेत तयार! बा म्हणजे 0, का म्हणजे 10, दा म्हणजे 110 आणि ना म्हणजे 111.

आता आपला निरोप होतो 00001010110111. मोजा बरं. 14 आकडे! जो जास्त वेळा येतो त्याला सगळ्यात छोटा संकेत, आणि जो क्वचित येतो त्याला मोठा. गंमत म्हणजे संकेत सलग लिहिले, मध्ये जागा सोडली नाही, तरी वाचताना घोटाळा होत नाही. कारण कुठलाही संकेत दुसऱ्या संकेताची सुरुवात नसतो. वाटल्यास 10111 वाचून बघा. जो शब्द निघेल, ती खूण मराठी लिहिताना तुम्ही रोज वापरता.

लेंपेल-झिव्ह यांची सूचना आणि हफमनचा संकेत, या दोन्ही युक्त्या एकत्र करून झिप फाइल बनते. झिप हा प्रकार 1989 मध्ये फिल कॅट्झ या अमेरिकन प्रोग्रॅमरनं आणला. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून फाइल जायच्या आणि अगदी सावकाश जायच्या. फाइल निम्मी झाली तर वेळही निम्मा लागायचा. कॅट्झच्या नावाची सही झिप फाइलमध्ये आजही दिसते. एखाद्या झिप फाइलची कॉपी करा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. बाकी सगळी गिचमीड दिसेल, पण पहिली दोन अक्षरं असतील पी आणि के, म्हणजेच फिल कॅट्झ! आता वर्डमध्ये लिहिलेल्या निबंधाची कॉपी तशीच उघडून बघा. तिथेही पीके! कारण आजकालची वर्डची फाइल म्हणजे आतून झिपच असते. अँड्रॉइड फोनवरच्या ॲपची फाइलही तशीच.

चला, आता खरा प्रयोग करू. नोटपॅड उघडा आणि एकच अक्षर लिहा: अ. आता कंट्रोल आणि ए दाबून सगळं निवडा, कंट्रोल आणि सी दाबून कॉपी करा, मग कंट्रोल आणि व्ही दोनदा दाबा. पहिल्या वेळी निवडलेल्या मजकुराच्या जागी तोच मजकूर बसतो, दुसऱ्या वेळी तो पुढे जोडला जातो. म्हणजे एकाचे दोन झाले. पुन्हा हेच करा, दोनाचे चार. असं एकूण 17 वेळा केलं की तुमच्याकडे 1,31,072 अ जमतात! फाइल सेव्ह करा, तिच्यावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा. वजन असेल 384 केबी. आता ती झिप करा आणि झिपचं वजन बघा. मात्र 'साइझ' ही ओळ वाचा, 'साइझ ऑन डिस्क' ही नव्हे. वजन एक केबीच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरेल. 384 चं एक!

यामागे एक कमाल आहे. कॉम्प्युटरमध्ये 'अ' साठवायला तीन बाइट लागतात: 224, 164, 133. पहिला अ लिहून झाला की सॉफ्टवेअर सूचना देतं: 3 मागे जा, 258 उचल. पण मागे तर तीनच बाइट आहेत! 258 कुठून उचलणार? उचलता येतात, कारण उचललेला प्रत्येक बाइट लगेच पुढे ठेवला जातो आणि मग तोही उचलायला मिळतो. अशा एका सूचनेत 86 अ तयार होतात. ही एकच सूचना सारखी सारखी येते, म्हणून हफमनच्या पद्धतीनं तिला अगदी मोजक्या बिटांचा संकेत मिळतो. दोन्ही युक्त्या एकमेकींना अशी मदत करतात.

आता तुमचा मोबाइलवर काढलेला एखादा फोटो झिप करून बघा. वजन जवळजवळ तेवढंच राहील. सॉफ्टवेअर बिघडलं का? मुळीच नाही. फोटोची जेपेग फाइल तयार होतानाच बारीक केलेली असते. आपल्या डोळ्यांना जाणवत नाहीत असे रंगांचे बारीक फरक त्यात सोडून दिलेले असतात, आणि उरलेल्या माहितीला हफमनचे संकेत आधीच दिलेले असतात. पुन्हा कमी करायला त्यात काही राहिलेलंच नसतं. झिप मात्र कधीच काही सोडून देत नाही. प्रत्येक फाइलसोबत पडताळणीचा एक आकडा ती ठेवते. उघडताना तो आकडा पुन्हा काढला जातो आणि जुळला नाही, तर फाइल बिघडल्याचं आपल्याला सांगितलं जातं. निबंध, हिशेब, प्रोग्रॅम यांतलं एकही अक्षर इकडचं तिकडं होऊन चालणार नाही ना!

मग मनात येतं, झिपची पुन्हा झिप केली, तिची पुन्हा झिप केली, तर? करून बघा, वजन कमी व्हायचं थांबेल, कदाचित थोडं वाढेलच. आणि हे कायमच असं राहणार, उद्या कितीही हुशार सॉफ्टवेअर आलं तरी! का ते बघा. समजा फाइल फक्त तीन बिटांच्या आहेत. 000, 001, 010 अशा एकूण आठच वेगवेगळ्या फाइल होऊ शकतात. त्यांच्याहून छोट्या किती? दोन बिटांच्या चार, एका बिटाच्या दोन आणि अगदी रिकामी फाइल धरली तर ती एक. झाल्या सात. आठ फाइलना सात जागा कशा पुरतील? निदान दोघींना एकच जागा घ्यावी लागेल, आणि मग उघडताना त्यातली खरी कुठली हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून सगळ्याच फाइल बारीक करणारं सॉफ्टवेअर जगात असूच शकत नाही. एखादं सॉफ्टवेअर तसं म्हणत असेल, तर ते खोटं, हे तुम्ही वहीवर सिद्ध करून दाखवू शकता.

मग आपल्या फाइल इतक्या छान बारीक का होतात? कारण माणूस जे लिहितो त्यात काही ना काही परत परत येतच असतं. 'आहे', 'आणि', 'म्हणून' हे शब्द पानोपानी असतात. पुढे काय येणार याचा अंदाज जितका चांगला बांधता येतो, तितकं कमी लिहून भागतं. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये खरी चढाओढ असते ती याच अंदाजाची. रशियाच्या इगोर पावलोव यांनी 1999 मध्ये 7-झिप हे फुकट सॉफ्टवेअर आणलं. त्याच्या स्वतःच्या पद्धतीत 32,768 बाइटांपेक्षा कितीतरी जास्त मागे वळून बघता येतं, म्हणून मोठ्या फाइल त्यात बहुधा आणखी लहान होतात. असं काही कॉम्प्युटरवर घ्यायचं असेल तर मोठ्यांना सोबत घ्या आणि ते बनवणाऱ्यांच्याच साइटवरून घ्या. अनोळखी माणसानं पाठवलेली झिप मात्र उघडू नका. आत काय आहे ते बाहेरून कळत नाही, व्हायरसही असू शकतो.

आता एक कोडं खास मराठी मुलांसाठी. इंग्रजी अक्षराला कॉम्प्युटरमध्ये एक बाइट पुरतो, देवनागरीतल्या अक्षराला आणि प्रत्येक काना-मात्रेलाही तीन-तीन लागतात. पण त्या तीनमधला पहिला बाइट नेहमी 224 असतो आणि दुसरा फक्त 164 किंवा 165. एकच निबंध घ्या. एका फाइलमध्ये तो देवनागरीत लिहा, दुसऱ्या फाइलमध्ये तोच मराठी निबंध इंग्रजी अक्षरांत लिहा. निदान एक पानभर तरी असू द्या. दोन्ही फाइलची वजनं टिपून ठेवा, मग दोन्ही वेगवेगळ्या झिप करा. कुठली फाइल जास्त पटीनं बारीक होईल? माझं मत देवनागरीच्या बाजूनं आहे. तुमचं मत आधी वहीत लिहा, कारणही लिहा, आणि मगच राइट क्लिक करा!