चौथे वर्ष वाशीममध्येही हवे

तीन वर्षांची पदवी बंद झाली, आता पोरांना चार वर्षे शिकावे लागणार, असा समज वाशीम जिल्ह्यातल्या अनेक पालकांनी करून घेतला आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी कुणी मुलीचे नाव महाविद्यालयातून काढू नये म्हणून आधी हेच सांगितले पाहिजे. तीन वर्षांनंतर मिळणारी बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. ही आजही पूर्ण पदवी आहे. स्पर्धा परीक्षांसाठी किंवा बँकेच्या नोकरीसाठी जिथे ‘पदवीधर’ एवढीच अट असते, तिथे ती चालते. चौथे वर्ष ऐच्छिक आहे. ते केले तर पदवीपुढे ‘ऑनर्स’ लागते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जुलै 2020 मध्ये जाहीर झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीचा श्रेयांक आराखडा डिसेंबर 2022 मध्ये आणला आणि महाराष्ट्र शासनाने 20 एप्रिल 2023 च्या निर्णयाने तो राज्यात लागू केला. स्वायत्त महाविद्यालयांची सुरुवात आधी झाली, संलग्न महाविद्यालयांची पाळी 2024-25 मध्ये आली. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतली पारंपरिक पदवी महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. 2024-25 मध्ये प्रवेश घेतलेल्या पहिल्या तुकडीचे तिसरे वर्ष 2027 च्या उन्हाळ्यात संपते. पुढे शिकायचे की थांबायचे हा प्रश्न तेव्हा शेकडो घरांत एकाच वेळी विचारला जाईल.

क्रेडिट म्हणजे श्रेयांक. वर्गात पंधरा तास शिकवले की एक क्रेडिट. प्रयोगशाळेत किंवा प्रत्यक्ष कामात तीस तास घालवले की एक क्रेडिट. एका सत्रात साधारण 20 ते 22 क्रेडिट होतात, म्हणजे वर्षाला किमान 40, तीन वर्षांत 120 आणि चार वर्षांत 160. ही पद्धत आपल्याकडे अगदी नवी नाही. शेजारच्या अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकून आलेल्या कुणालाही विचारा. सत्र, क्रेडिट आणि दहापैकी गुण हा हिशेब कृषी पदवीधरांच्या अंगवळणी पडून कित्येक वर्षे झाली. नवे आहे ते एवढेच की आता कला शाखेच्या मुलालाही तो समजून घ्यावा लागतो.

समजून न घेता नुकसान होते ते कसे, ते पाहू. समजा मुख्य विषय, ज्याला मुले ‘मेजर’ म्हणतात, तो 4 क्रेडिटचा आहे आणि त्यात 8 गुणांक मिळाले. दुसरा 2 क्रेडिटचा मुक्त ऐच्छिक विषय, म्हणजे ‘ओई’, त्यात 6 मिळाले. सरसकट सरासरी 7 येते. पण इथे प्रत्येक गुणांकाला क्रेडिटने गुणायचे असते. चार गुणिले आठ म्हणजे बत्तीस, दोन गुणिले सहा म्हणजे बारा, बेरीज चव्वेचाळीस. तिला सहाने भागले की 7.33. म्हणजे मेजरमध्ये एका पायरीने घसरलात तर ‘ओई’मधल्या घसरणीच्या दुप्पट फटका बसतो. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, आयकेएस अशा नावांच्या गर्दीत ज्याला आपल्या विषयांची वजने ठाऊक नाहीत, तो अभ्यासाचा वेळ चुकीच्या जागी घालवतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गात हा हिशेब फळ्यावर करून दाखवायला एक तासिका पुरते.

मिळवलेले क्रेडिट ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात. बँकेच्या पासबुकासारखे हे खाते विद्यार्थ्याच्या नावे असते, ते डिजिलॉकरमधून उघडता येते आणि त्यातले क्रेडिट सात वर्षे टिकतात. खाते आधारशी जोडलेले असल्याने आधारवरचे नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी घोळ होतो. लग्नानंतर आधारवर नाव बदललेल्या मुलींनी याकडे विशेष लक्ष द्यावे. या खात्याचा आयडी काढला म्हणजे काम संपले असे धरून चालू नये; प्रत्येक निकालानंतर क्रेडिट खरोखर जमा झाले का ते उघडून पाहावे आणि नसतील तर लगेच महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात जावे.

आता मधून बाहेर पडण्याचा भाग. वाशीमसाठी तो फार महत्त्वाचा आहे. पूर्वी पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण सुटले की हातात फक्त गुणपत्रिका उरत. आता पहिल्या वर्षाचे किमान 40 क्रेडिट आणि जोडीला 4 क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली तर प्रमाणपत्र मिळते. दुसऱ्या वर्षानंतर याच पद्धतीने पदविका मिळते. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. ज्या जिल्ह्यात मुलीचे लग्न परीक्षेची वाट पाहत नाही, जिथे सोयाबीनच्या सोंगणीत मुलगा महिनाभर वर्गाबाहेर असतो आणि हंगामी कामासाठी सगळे घरच गाव सोडते, तिथे ही सोय म्हणजे मोठा आधार आहे.

मात्र तिच्यात एक धोका आहे. बाहेरचा दरवाजा दाखवणे सोपे असते, आत परत घेणे कष्टाचे. परत येणाऱ्या विद्यार्थिनीला कोणत्या सत्रात बसवायचे, मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला असेल तर कोणते विषय भरून घ्यायचे, हे सांगणारा एक माणूस महाविद्यालयात नेमलेला हवा. प्रवेशाच्या जाहिरातीत ‘शिक्षण अर्धवट सुटले असेल तर परत या’ अशी एक ओळ छापायला हवी. शिक्षण सोडलेल्यांची यादी महाविद्यालयाकडे असतेच. त्यांना फोन करणे हा प्रवेशाच्या कामाचाच भाग धरला जावा.

चौथ्या वर्षाचे दोन प्रकार आहेत. साधे ऑनर्स आणि ‘संशोधनासह ऑनर्स’. दुसऱ्यासाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा अधिक गुण लागतात आणि 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. चार वर्षांची पदवी घेतलेल्याला पुढे पदव्युत्तर पदवी एका वर्षात होते. पदवीला 75 टक्के असतील तर नेट देऊन थेट पीएच.डी.चीही वाट मोकळी होते. हुशार पण पैशाने तंग असलेल्या मुलासाठी पीएच.डी.च्या वाटेवरचे एक वर्ष वाचणे ही लहान गोष्ट नाही.

नेमके इथेच जिल्हा अडतो. संशोधनासह ऑनर्स चालवायचे तर त्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत, शिवाय ग्रंथालय, नियतकालिके आणि प्रयोगशाळा हवी, अशी आयोगाची अट आहे. अट योग्यच आहे, मार्गदर्शकाविना संशोधन कसले? पण ग्रामीण महाविद्यालयांत एखादा विषय एकच कायम प्राध्यापक आणि तासिका तत्त्वावरचे सहकारी सांभाळतात, हे चित्र राज्याला नवे नाही. अशा विभागात 85 टक्के मिळवणारी मुलगीही संशोधनासह ऑनर्स करू शकणार नाही. तिला अमरावती गाठावी लागेल. वाशीमहून अमरावती शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. तिथे खोली, खानावळ आणि घरच्यांची परवानगी या तीन गोष्टी जुळल्या तरच तिचे चौथे वर्ष होणार. 1998 मध्ये अकोल्यापासून वेगळा झालेला आणि 2018 मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलेला हा जिल्हा. गुण मिळवूनही इथल्या मुलांना पत्त्यामुळे संधी नाकारली जात असेल, तर तो अन्याय आहे.

संशोधनाला विषय कमी आहेत म्हणावे, तर तसेही नाही. वाकाटकांची वत्सगुल्म शाखा याच वाशीमची. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इथे 1939 मध्ये सापडला आणि वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकाने त्यावर काम केले. कारंज्याच्या जैन भांडारांतल्या हस्तलिखितांवरून अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणाऱ्या हिरालाल जैन यांनी 1930 च्या दशकात अपभ्रंश ग्रंथ संपादित केले. म्हणजे या जिल्ह्याची सामग्री विद्वानांना नव्वद वर्षांपूर्वी पुरली. आज प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे, भूगोलासाठी पैनगंगा आणि काटेपूर्णेचे खोरे आहे, समाजशास्त्रासाठी पोहरादेवी आणि मानोऱ्याचे तांडे आहेत. वाणिज्य शाखेला बाजार समित्यांतला सोयाबीन आणि तुरीचा व्यवहार आहे.

जिल्ह्यात जे आहे त्यातूनच काम उभे करण्याचा हाच विचार ‘ओजेटी’ला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला लागू पडतो. 4 क्रेडिटचे हे प्रशिक्षण म्हणजे किमान 120 तास. पुण्यात त्यासाठी कंपन्या आहेत, मानोऱ्यात नाहीत. पण बाजार समिती आहे, सहकारी बँक आहे, पंचायत समिती आहे, रिसोड तालुक्यात करड्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे. महाविद्यालयाने त्यांच्याशी आधीच करार केला नाही, तर मुले ओळखीच्या दुकानातून सहीशिक्क्याचा कागद आणतील आणि ते चार क्रेडिट कागदावरच राहतील.

विद्यापीठाने कोणत्या महाविद्यालयात कोणत्या विषयाचे चौथे वर्ष चालणार, याची तालुकावार यादी तिसऱ्या वर्षाचे प्रवेश होण्याआधी जाहीर करावी. शासनाने रिक्त जागा भरताना जिथे एका कायम प्राध्यापकाची भर पडली की विभाग पात्र ठरतो, असे विभाग आधी धरावेत. सहाही तालुक्यांत प्रत्येक विषय शक्य नाही, हे मान्य. पण जिल्ह्यात प्रत्येक मोठ्या विषयाचे एक तरी केंद्र असणे सहज शक्य आहे. पालकांनो, पुढच्या वेळी महाविद्यालयात गेलात की फी विचारून परतू नका. आमच्या मुलीच्या मेजर विषयाचे चौथे वर्ष इथे होणार का, हे प्राचार्यांना विचारा आणि उत्तर लेखी मागा.