आधारची सक्ती : कुठे आहे, कुठे नाही

भुसावळहून सुरत लाइनच्या गाडीत बसलं की दोंडाईचानंतर नंदुरबार येतं. त्याच जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. वाटपाला पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. म्हणजे आधार आधी खान्देशानं पाहिलं, मग देशानं. तरी भुसावळात रेशनच्या रांगेत त्याबद्दल आजही ऐकीव माहितीच जास्त चालते.

गैरसमज : आधार म्हणजे नागरिकत्वाचा दाखला.
वस्तुस्थिती : नाही. २०१६च्या आधार कायद्याचं कलम ९च तसं सांगतं. अर्जाआधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही हा क्रमांक मिळू शकतो.

गैरसमज : सुप्रीम कोर्टानं सक्ती उठवली.
वस्तुस्थिती : अर्धीच. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ला एकमतानं सांगितलं. २६ सप्टेंबर २०१८ला पाचांच्या पीठानं ४ विरुद्ध १ अशा बहुमतानं आधार कायदा बहुतांशी उचलून धरला. सिमकार्ड, बँक खातं आणि शाळाप्रवेश यांसाठीची सक्ती गेली. पॅनजोडणी आणि सरकारी अनुदानासाठीची राहिली. लाडकी बहीण योजनेचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, ते त्यामुळेच.

गैरसमज : रेल्वे प्रवासाला आधार लागतंच.
वस्तुस्थिती : टीसीला मतदार ओळखपत्र किंवा ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं तरी चालतं. मात्र १ जुलै २०२५पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट आधार पडताळणी झालेल्या खात्यावरूनच काढता येतं. जंक्शनच्या गावात या दोन गोष्टींची सरमिसळ सहज होते.

गैरसमज : अंगठा जुळला नाही की धान्य बंद.
वस्तुस्थिती : कापूस वेचून, केळीचे घड वाहून बोटांच्या रेषा झिजतात आणि पॉस मशीन नकार देतं. पण तेवढ्यावरून लाभ नाकारायचा नाही, असं आधार प्राधिकरणानं ऑक्टोबर २०१७च्या परिपत्रकात बजावलंय. आधी डोळ्यांची बुबुळं किंवा ओटीपी; तेही जमलं नाही, तर कार्ड पाहून, नोंदवहीत नोंद करून धान्य द्यायचं. ही नोंदवही मागता येते, हेच अनेकांना माहीत नसतं.

गैरसमज : बोटांचे ठसे सरकारकडे आहेतच, मग झेरॉक्सनं काय बिघडतं?
वस्तुस्थिती : ठसे प्राधिकरणाच्या कोठारात असतात आणि ते कुणालाही देण्यास कायद्यानं मनाई आहे. नाव, पत्ता आणि क्रमांक असलेल्या कागदाला मात्र असं कुलूप नसतं. त्यासाठी ‘मास्क्ड आधार’ आहे. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ते फुकट उतरवता येतं, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात.

एरवी झेरॉक्सच्या दुकानात काय होतं? फिकट निघालेली प्रत बाजूच्या खोक्यात पडते. तिच्या कोऱ्या पाठीवर पुढच्या गिऱ्हाइकाचा हिशेब होतो, आणि दुसऱ्या बाजूला बाराच्या बारा आकडे तसेच असतात.